लोखंडाचा खेळ

जागृती त्या दिवशीही शाळेत गेली नाही. पोट दुखतं म्हणाली, आणि आई मयुरी कापूस वेचायला निघाली तशी ओढणी डोक्याला बांधून तिच्या मागोमाग निघाली. पोट दुखणारं पोर रोहण्याच्या रस्त्यावर एवढं भराभर चालत नाही, हे मयुरीला दिसत होतं. पण दुसरा वेचा चालू होता, आभाळ भरून आलं होतं, आणि कापूस भिजला तर शेतमालक कैलासची बोलणी आपल्यालाच खावी लागतील म्हणून ती गप्प राहिली.

कैलासच्या कापसाची पऱ्हाटी कमरेच्या वर गेली होती. बायांनी कमरेला फडकी बांधून ओट्या केल्या आणि एकेक ओळ धरली. मयुरीच्या डाव्या हाताला तिची सासू जिजाबाई, उजव्या हाताला छाया. छाया गावातल्याच कास्तकाराच्या घरची. जमीन दिरांनी वाटून घेतल्यावर मजुरीला येऊ लागली होती. तिची मुलगी वर्षाली सहावीत, जागृतीच्याच वर्गात.

बोंडाची वाळलेली टोकं नखाच्या मुळाशी घुसत होती. जागृतीचा हात चांगला चालत होता. अकरा वर्षांच्या पोरीचा हात कापसावर असा चालायला लागला की बाया कौतुक करतात. मयुरीला ते कौतुक नको होतं.

"पोट थांबलं वाटते तुह्यं," ती म्हणाली.

"थोडं थोडं दुखून राह्यलं."

"मंग शाळेतच दुखू देवाचं होतं न."

जागृतीने पुढचं बोंड ओढलं.

दुपारी बाया धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बाभळीखाली जेवायला बसल्या. भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा. छाया म्हणाली, "जागृती, पाणी आण वं माय."

जागृतीने कॅनमधून गिलास भरला आणि छायासमोर आणला. छायाने हात पुढे केला होता. पोरीने गिलास त्या हाताच्या खालून नेला, मातीवर ठेवला, आणि हात पाठीमागे घेऊन दोन पावलं मागे सरकली. छायाने गिलास उचलून पाणी पिऊन टाकलं. तिच्या काही ध्यानात आलं नाही.

मयुरीचा घास हातातच राहिला. तिने सासूकडे पाहिलं. जिजाबाईनेही पाहिलं होतं. जिजाबाईची आजी असं भांडं ठेवायची. जिजाबाईने ते लहानपणी पाहिलं होतं, आणि त्यानंतर त्यांच्या घरात कोणी कोणापुढे असं भांडं ठेवलं नव्हतं. ठेवू द्यायचंच नाही म्हणून तर घराने धर्म बदलला होता.

"इकडं ये," जिजाबाई म्हणाली. "हे कोणं शिकवलं तुले?"

"काय?"

"गिलास हातात काऊन नाई देल्ला?"

जागृती पायाच्या अंगठ्याने ढेकूळ फोडत राहिली. "खाली ठेवलं त बरं रायते."

"कोणाले बरं रायते?"

"साऱ्याइले."

शाळेने त्या पोरीला सहा वर्षांत बरंच काही शिकवलं होतं. भागाकार अजून कच्चा होता. हे मात्र पक्कं झालं होतं.

*

दुपारनंतर मयुरीने तिला आपल्याच ओळीत घेतलं. पोराला समोर उभं करून विचारलं की ते बंद होतं. हाताला काम असलं की बोलतं. चार-पाच झाडं झाल्यावर जागृती आपणहून बोलायला लागली. रडत नव्हती. एखाद्या नवख्याला नियम समजावून सांगावेत तसं सांगत होती.

"लोखंड नाव हाय त्या खेळाचं. माहा हात ज्याले लागन त्याच्यावर ते येते. मंग त्यानं पळत जाऊन लोखंडाले हात लावाचा. त्याच्या आंधी तो दुसऱ्याले शिवला त दुसऱ्यावर येते."

"अन् तुह्यावर कोणापासून येते?"

"माह्यावर येत नाई. माह्यापासूनच सुरू होते."

"मंग तू लोखंडाले हात लावला त सुटते का नाई?"

आईला एवढंही समजत नाही, अशा नजरेने जागृतीने तिच्याकडे पाहिलं. "मी कशी सुटीन? मी खेळात नाई न आई. मी नुसती असतो."

मयुरीने कापूस ओटीत टाकला. तो ओटीच्या बाहेर पडला. तिने वाकून उचलला, त्याची माती फुंकली.

"कोणं काढला खेळ?"

"निकेशनं. दिवाई झाल्यावर."

निकेश हा कैलासचा मुलगा. आणि कैलास ज्याचा हा कापूस, तो शाळेच्या समितीचा अध्यक्ष.

"सर काही नाई म्हणत?"

"म्हणते न. गडबड करू नका म्हणते. पोट्टे पयतात म्हणून मले दारापाशी बसवलं. बाकीचे खिडकीपाशी बसतात. खिडकीले गज हायत."

धनंजय सर या शाळेचे मुख्याध्यापक होते. त्यांचं सगळं शिक्षणशास्त्र 'गडबड नको' या दोन शब्दांत मावत असे. वर्ग शांत, म्हणजे वर्ग चांगला. एका मुलीला शिवल्यावर सारा वर्ग खिडकीकडे धावतो, म्हणजे त्या मुलीमुळे गडबड होते. म्हणजे ती मुलगी दाराशी. गणित सुटलं. आदर्श शिक्षकाचं प्रमाणपत्र त्यांनी प्लास्टिकमध्ये घालून खुर्चीच्या मागे लावलं होतं. ते उगीच नव्हतं मिळालेलं.

*

संध्याकाळी कापूस कैलासच्या अंगणात मोजायला गेला. लोखंडी तिपाईला काटा टांगलेला, आकड्याला गाठोडी लागत होती. कैलासची आई जयवंताबाई काट्याशेजारी खाटेवर बसायची. तीच पैसे द्यायची. हातातच द्यायची, वरून टाकायची नाही. म्हणून गावात तिचं नाव होतं. 'आता पहिल्यासारखं काही राह्यलं नाई,' असं कोणी म्हटलं की उदाहरण जयवंताबाईचं दिलं जायचं.

पैसे देऊन झाले की म्हातारी काट्याच्या लोखंडी आकड्याला बोटं लावायची आणि ती छातीशी न्यायची. ती हे नेहमी करायची. वेचणाऱ्या बाया म्हणत, लक्ष्मीला नमस्कार करते माय. मोठी श्रद्धेची बाई. मयुरीलाही ते आवडायचं. आपणही कष्टाचं घेतो, आपणही हात जोडावेत, म्हणून तिने कितीदा तरी म्हातारीच्या मागोमाग त्याच आकड्याला हात लावून छातीशी नेला होता. म्हातारी ते पाहून हसायची. मयुरीला वाटायचं, मायेने हसते.

त्या संध्याकाळी मयुरी गाठोडं घेऊन मुद्दाम शेवटी थांबली.

छायाचं वजन झालं. जयवंताबाईने तिच्या हातावर पैसे ठेवले आणि पुढच्या बाईला हाक मारली. आकड्याला हात लावला नाही. मग जिजाबाईला पैसे दिले. बोटं आकड्याला गेली, तिथून छातीशी. मग आणखी दोन बाया, जिजाबाईच्याच मोहल्ल्यातल्या. दोन्ही वेळा आकडा. मग पाटलांच्या घरची विधवा सून. काही नाही.

खाटेच्या पायथ्याशी निकेश मोबाइल पाहत बसला होता. तो आजीच्या सावलीत रोज बसत असावा.

"काय वं मयुरी, घे न पैसे," जयवंताबाई म्हणाली. "कुठं ध्यान हाय तुह्यं?"

मयुरीने पैसे घेतले. जयवंताबाईची बोटं आकड्याकडे निघाली. मयुरी म्हणाली, "माय, छायाच्या टायमाले नमस्कार राहून गेला तुमचा."

म्हातारीची बोटं आकड्याजवळ थांबली. तिने ती मागे घेतली नाहीत, लावलीही नाहीत. "म्हातारपण हाय बापा," ती म्हणाली. "राहून जाते एखाद्याचा."

"हव. आमचा कोणाचाच कधी राह्यला नाई."

घरी आल्यावर जिजाबाईने राखेने हात घासले, मग पाण्याने धुतले, मग पुन्हा राखेने घासले. "माय म्हणत होतो मी तिले," ती म्हणाली आणि अंगणात थुंकली.

*

मयुरीचा नवरा हरिदास कैलासचा ट्रॅक्टर चालवायचा. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग त्याने चहा मागितला. चहा पिऊन झाल्यावर म्हणाला, "लेकराइचा खेळ हाय. थंडी संपेस्तोवर इसरून जातीन."

"तू लाहान असतानी इसरला होता?" मयुरीने विचारलं.

"माह्यासंग कोणं असं केलं नाई."

"तुह्यासंग नाई केलं, तुह्या पोरीसंग केलं. मंग हे पुढं चाललं का मांगं?"

हरिदास खिशातली किल्ली काढून बोटात फिरवत राहिला. "कैलासभाऊ तसा माणूस नाई. चौदा एप्रिलले वर्गणी देते. मिरवणुकीले ट्रॅक्टर देल्लता त्यानं."

जिजाबाई चुलीपाशी बसली होती. तिने मान वळवली नाही. "हरिदास, तू ट्रॅक्टर चालवते का ट्रॅक्टर तुले चालवते?"

"आता तू नको सुरू होऊ माय."

तेव्हा जागृती म्हणाली, "मले शाळेत जाचंच नाई. भांडू नका तुमी. मी वेचतो न कापूस आईसंग. छायाकाकू म्हणत होती, माहा हात चांगला चालते."

मुलगी असं बोलत होती, जणू तिने या भांडणावर तोड काढली आहे आणि आता सगळ्यांनी जेवायला बसावं. मयुरीने नवऱ्याकडे पाहिलं. त्याची किल्ली थांबली होती.

"उद्या मी शाळेत जातो," मयुरी म्हणाली.

*

शाळेत ती मधल्या सुट्टीच्या वेळी गेली, आणि आधी आत न जाता कुंपणाबाहेर उभी राहिली. जागृतीला तिने बळेबळे पाठवलं होतं. खिचडी खाऊन मुलं ताटल्या धुवायला हातपंपावर आली. जागृती सगळ्यांच्या मागे थांबली. तिची पाळी आली तेव्हा कोणीतरी दुसऱ्या एका पोराला तिच्यावर ढकललं. तो किंचाळला आणि धावला. एका क्षणात सगळं अंगण पळत होतं. कोणी हातपंपाची दांडी धरली, कोणी फाटक, कोणी झोक्याचा खांब. वर्षालीने सायकलचं हँडल धरलं होतं आणि हसून हसून तिला धाप लागली होती. सगळं अंगण लोखंडाला चिकटलं होतं, आणि मधोमध ताटली घेऊन जागृती एकटी उभी होती. हातपंपाची दांडी दुसऱ्यांनी धरलेली, त्यामुळे तिला पाणीही घेता येत नव्हतं.

धनंजय सर व्हरांड्यात उभे राहून हे पाहत होते. त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं. लांबून पाहिलं तर मुलं आनंदात दिसत होती, आणि सर लांबूनच पाहत.

"या ताई, या," ते म्हणाले. "उपस्थितीबद्दल बोलायचंच होतं तुमच्याशी."

मयुरीने सगळं सांगितलं. सरांनी मध्येच एक फोन घेतला, तो संपवला आणि म्हणाले, "खेळ आहे हो. मैदानी खेळ. व्यायाम होतो मुलांचा."

"सर, ते माह्या पोरीले शिवत नाई."

"शिवाशिवीचा खेळच असतो. आम्हीही खेळलोय."

"तुमच्या खेळात राज्य बदलत होतं का एकाच पोरावर रायत होतं?"

सरांनी पेन उघडलं, बंद केलं. "हे बघा, तुम्ही जातीवर नेताय, मला सांगा, कोणी जातीवाचक शब्द वापरला? एखादा तरी? कोणत्या मुलाने, केव्हा, काय शब्द? शब्द सांगा, मी आत्ता कारवाई करतो."

शब्द नव्हता. हे खरं होतं. आजीने शब्द उच्चारला नव्हता, नातवाने उच्चारला नव्हता, आणि सरांना शब्दाशिवाय काही ऐकू येत नव्हतं. गावातल्या शहाण्या माणसांना हा शोध फार आधी लागला होता की शब्द सोडून दिला की बाकी सगळं ठेवता येतं.

भिंतीवर तक्रारपेटी होती. तिचं कुलूप गंजून तांबूस झालं होतं. मयुरीने विचारलं, "याची किल्ली कोणापाशी हाय?"

"समितीच्या अध्यक्षांकडे. नियमच आहे आमचा."

"म्हणजे कैलासभाऊपाशी."

"हो. पण पेटी कशाला? तोंडी सांगितलंत, मी ऐकलं. उगाच लेखी दिलंत तर मला वरती पाठवावं लागेल. मग चौकशी, मग त्रास. तुम्हालाच."

सर आपल्या मते तिला भीती घालत होते. मयुरीला मात्र काय करायचं ते त्यातूनच समजलं.

तिने घरी बसून अर्ज लिहिला. दहावी पास होती. अक्षर बरं होतं. कोणाला काय म्हणावं हे तिला सुचेना, म्हणून तिने कोणाला काहीच म्हटलं नाही. फक्त खेळाचे नियम लिहिले. खेळाचं नाव लोखंड. खेळणारे, जागृती सोडून सगळे. जागृतीचा हात लागेल त्याने लोखंडाला हात लावावा म्हणजे तो सुटतो. जागृती सुटत नाही. जागृतीने वही द्यायची असेल तर खाली ठेवावी. पाणी शेवटी घ्यावं. दाराशी बसावं. शेवटी तिने लिहिलं की हा खेळ शाळेने कधी बंद केला नाही, आणि आता मुलगी शाळा बंद करायची म्हणते.

एक प्रत सरांच्या टेबलावर ठेवली. दुसरी तिने बसने जाऊन तालुक्याच्या कार्यालयात दिली आणि शिक्का मारलेली पोच घेतली. त्या दिवसाची वेचणी बुडाली.

*

बातमी तिच्या आधी शेतात पोचली. दुसऱ्या दिवशी कैलास मोटरसायकल घेऊन धुऱ्यावर उभा होता. आभाळ आणखी खाली आलं होतं, आणि अर्धं शेत अजून पांढरं होतं.

"वयनी, घरची गोष्ट घरी सांगाची," तो म्हणाला. "मी काय मेलो होतो?"

"पेटीची किल्ली तुमच्यापाशीच होती भाऊ. उघडली होती का कधी?"

"पोट्टं हाय ते. त्याले काय कळते?"

"त्याले काई नाई कळत. ज्यानं त्याले शिकवलं त्याले कळते."

कैलासचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. आईवर बोललेलं त्याला समजलं, आणि समजलं हे दाखवताही येत नव्हतं. दाखवलं तर मान्य करावं लागलं असतं. तो बायांकडे वळला. "उद्यापासून आष्टीची टोळी येऊन राह्यली. ज्याले इच्यासंग जाचं त्यानं जा."

बायांच्या माना पऱ्हाटीत गेल्या. छाया मयुरीजवळ सरकून हळूच म्हणाली, "वर्षालीनं मले सांगतलं होतं वं. मले वाटलं खेळ हाय. पण माहं नाव नको घेजो कुठं."

"नाई घेत," मयुरी म्हणाली. "तुह्या नावाचं काय लोणचं घालू?"

आष्टीची टोळी आलीच नाही. तिकडेही कापूस फुटला होता, तिकडेही आभाळ होतं. रात्रीतून पाऊस झाला आणि कैलासचा अर्धा कापूस झाडावरच पिवळा पडला. गावात तो सांगत फिरला की बायांनी माझं नुकसान केलं.

*

केंद्रप्रमुख बाई आल्या त्या दिवशी शाळा सारवल्यासारखी स्वच्छ होती. सरांनी हार आणला होता, बिस्किटं आणली होती. कैलास पांढरा शर्ट घालून आला. सरांच्या खोलीत एका बाजूला मयुरी, जिजाबाई आणि हरिदास. हरिदास ट्रॅक्टर फाटकाबाहेर उभा करून तसाच आला होता. मालक बोलावतो म्हणून आला की बाप म्हणून, हे त्याच्याकडे पाहून समजत नव्हतं. खिडकीच्या गजांना वर्गातली सगळी मुलं लटकली होती.

"आमच्या गावात भेदभाव नाई मॅडम," कैलास म्हणाला. "भाऊ-भाऊ राह्यतो आमी. इचारा हरिदासले."

हरिदासला कोणी विचारलं नाही.

सर म्हणाले, "मुलांचा गैरसमज होता. आपण आजच मिटवून टाकू. निकेश, जागृती, या इकडे. हात मिळवा. मी फोटो काढतो. अहवालाला जोडता येईल."

जागृतीने आईकडे पाहिलं. मयुरीने मान हलवली नाही. हो म्हणून नाही, नको म्हणूनही नाही. जागृतीने हात पुढे केला. निकेशने तो धरला. सरांनी मोबाइल तिरपा केला, सरळ केला, म्हणाले, "हसा." दोघं हसली. फोटो छान आला.

निकेशने हात सोडला आणि सरळ मागे जाऊन लोखंडी कपाटावर ठेवला.

त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. शिंक आल्यावर नाक पुसावं तसा हात गेला. खिडकीतली मुलं खदखदून हसली, आणि मग सगळ्यांच्या एकदम लक्षात आलं की आपणही गज धरूनच उभे आहोत. दोघातिघांनी हात काढले. बाकीच्यांनी आणखी घट्ट धरले.

"अजून एक घेऊ फोटो," सर म्हणाले.

"मोबाइल ठेवा सर," केंद्रप्रमुख बाई म्हणाल्या. त्यांनी चहाचा कप बाजूला सारला आणि जागृतीला जवळ बोलावलं. "हा खेळ कोण कोण खेळतं बाळा?"

जागृतीने नावं सांगितली. हजेरी घ्यावी तशी, क्रमाने. चुगली करतो आहोत असं तिला वाटत नव्हतं. विचारलं त्याचं ती उत्तर देत होती.

"झाले सगळे?"

जागृती थांबली. "सर बी."

धनंजय सर हसले. "मी? अगं, मी कुठे पळतो तुमच्यासोबत?"

"सर पयत नाई," जागृती बाईंना म्हणाली. "साऱ्याइच्या वह्या सर हातात घेते. मही टेबलावर ठेव म्हणते. मंग पट्टीनं पान पलटवते."

"मग सर पण लोखंडाला हात लावतात?"

"नाई. सरले लोखंड लागत नाई. सर मले शिवतच नाई."

टेबलावर पट्टी होती. सरांनी ती उचलून खणात ठेवली, आणि ठेवल्यावर त्यांना समजलं की ती ठेवायला नको होती. केंद्रप्रमुख बाई लिहीत होत्या. बराच वेळ लिहीत होत्या.

कैलास उठला. बाहेर जाता जाता हरिदाससमोर थांबला. "चाबी दे ट्रॅक्टरची."

हरिदासने किल्ली काढली. कैलासने हात टेबलाकडे केला. तिथे ठेव, असा. हरिदासने तो हात धरला, उताणा केला, त्यावर किल्ली ठेवली आणि त्याची बोटं मिटून वरून आपल्या दोन्ही हातांनी दाबली. त्याचे हात तेलाने काळे होते. तो सावकाश म्हणाला, "हातातच घ्या भाऊ. लोखंडच हाय. लगेच सुटसान."

*

चौकशी लागली. चौकशी म्हणजे काय ते गावाला माहीत होतं, सरांनाही माहीत होतं, त्यामुळे सर घाबरले पण फार नाही. हरिदास पुलगावला एका जिनिंगवर गाठी उचलायला जाऊ लागला. मयुरी आणि जिजाबाई नाचणगावकडच्या एका शेतात वेचायला जाऊ लागल्या, ऑटोत कोंबून. गाव त्यांच्याशी बोलत होतं. फक्त आधी दुसरं काम आटपून मग बोलत होतं.

धनंजय सरांनी फळ्याच्या वरच्या बाजूला रंगीत खडूने नवा नियम लिहिला. विचार करून लिहिला होता. 'शाळेत कोणीही कोणाला हात लावू नये. लावल्यास शिक्षा.' नियम सगळ्यांना सारखा. एका मुलीला कोणी शिवत नव्हतं म्हणून तक्रार आली होती; आता कोणीच कोणाला शिवणार नव्हतं. सरांनी समता आणली होती.

जागृती शाळेत जात होती. सकाळी आई तिला फाटकापर्यंत सोडायची. फाटकाशी ती रोज एकदा मागे वळून पाहायची, आणि मयुरी तिथेच उभी राहायची, ती वर्गात शिरेपर्यंत. संध्याकाळी घरी आली की पोर फारसं बोलत नसे. विचारलं तर म्हणे, "कोणी काई करत नाई. कोणी काईच करत नाई."

मग एका संध्याकाळी ती आली तेव्हा तिचे दोन्ही कान लाल होते. जिजाबाई दारात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मयुरी नुकतीच वेचून आली होती. तिच्या केसात अजून कापूस होता.

"काय झालं वं?" जिजाबाईने विचारलं.

"मार भेटला."

मयुरी उठलीच. "कोणं मारलं? कायले?"

"मारलं नाई. कान धरून उभं केलं. वर्षालीनं मही वेणी ओढली. अशी ओढली न आई, मान मांगं गेली. मंग म्या तिची ओढली. तिची रिबीनच निंघाली हातात. मंग सर म्हणे, हात कोणं लावला? दोघीले फळ्यापाशी उभं केलं."

"दोघीले?"

"हव. जवळ जवळ. जागा नव्हती."

मयुरीने सासूकडे पाहिलं, मग पोरीकडे. विचारू की नको, असं करत तिने विचारलं, "अन् वर्षाली मंग लोखंडाले गेली का?"

"कशी जाते? कान धरले होते न तिनं." जागृतीने दप्तर खुंटीला लावलं आणि शेंगांच्या ढिगाशी येऊन बसली. एक शेंग फोडून दाणे तोंडात टाकले. "तिचं कोपर मले लागून राह्यलं होतं. काढ म्हटलं त काढेच ना. म्हणे, तूच सरक."

"मंग सरकली तू?"

"मी कायले सरकतो?" तिने आणखी एक शेंग घेतली. "आई, उद्या महे केस गच्च बांधजो. अन् लवकर उठवजो. तिच्या आंधी जाचं हाय मले."